चोर पाना

अण्णा, मागच्या आठवड्यात मी पान्यांचा नवा संच घेतला. तुम्ही असता तर आधी खोका उलटसुलट करून पाहिला असता. मीही तेच केलं. चकचकीत पाने, प्रत्येकावर पोलादाची जात ठसठशीत कोरलेली आणि वर आजन्म हमीचं कार्ड. आजन्म म्हणजे माझा की पान्याचा, ते कुठेच लिहिलेलं नाही. माल चांगला असेल तर एवढं ओरडून कशाला सांगायचं, हेच पहिल्यांदा मनात आलं. शिवाजीनगरच्या, ह्या कानडी मुलखातल्या आपल्या गॅरेजात तुमच्या जागी उभं राहून मला आता बरीच वर्षं झाली. गिऱ्हाईक, दुकानदार, पेट्रोलपंप, कुणावरच पटकन विश्वास न ठेवण्याची सवय मात्र तुमचीच, गॅरेजबरोबर आलेली.

म्हणून तुमच्याच पद्धतीने पान्यांची परीक्षा घेतली. पाना व्हाइसच्या जबड्यात घट्ट पकडायचा आणि त्याच्या तोंडावर कानस फिरवायची. पोलाद कडक असेल तर कानस नुसती घसरते, मऊ असेल तर चावते आणि चकाकणारा कीस पडतो. नव्या पान्यावर कानस घसरली. जोर लावला तरी घसरली. मला राग आला, कारण ते पाने वाईट निघावेत अशी माझी मनापासून इच्छा होती. मग भिंतीवरच्या फळीवरून तुमचे जुने पाने काढून घासले. तेही तसेच कडक. जुन्यांची तोंडं वापरून किंचित सैलावली आहेत, नवे नटावर घट्ट बसतात. पण जुना पाना तळहाताला टोचत नाही, नव्याच्या कडा टोचतात. एवढाच काय तो फरक. तुम्हाला हे पटलं नसतं.

हात काळे झालेच होते, म्हणून दाराजवळच्या खिळ्यावरचा चोर पानाही काढला. तुम्ही तो संचातून वेगळा करून तिथे टांगलात, तेव्हापासून त्याला कुणी हात लावत नाही. खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन त्यांना हळदकुंकू लावतो, तेव्हाही तो पूजेत नसतो. नवीन माणूस कामाला आला की तुम्ही त्याला तो दाखवायचात आणि आपल्याकडे पूर्वी काम करणाऱ्या मेस्त्रींची गोष्ट सांगायचात, ते उत्तर द्यायला समोर नसताना.

तो दिवस मला लख्ख आठवतो. मी कॉलेजातून येऊन तुमचा डबा घेऊन दारात उभी आहे. मेस्त्रींच्या हातात पाना घसरलाय, त्याचं तोंड फाकलंय, गिऱ्हाइकाच्या गाडीचा नट गोल झालाय. तुम्ही सगळ्यांसमोर तेच तोंड कानशीने घासता आणि कीस पडतो. ‘‘माझा पाना विकलास आणि हा लोखंडाचा तुकडा टांगलास?’’ मेस्त्री बेळगावकडचे, तुमच्याहून लहान, मला नट ओळखायला शिकवणारे. ते एवढंच म्हणतात, ‘‘अण्णा, पाना त्योच हाय. रोज माझ्या हातातनं जातोय, मला कळंना होय?’’ तुम्ही बोट दाखवता, दाराकडे. मग गल्लीतल्या प्रत्येक गॅरेजात जाऊन तुम्ही सांगितलंत की हा माणूस चोर आहे. कुणी त्यांना काम दिलं नाही. इतका चांगला कारागीर पुढे आयुष्यभर दुसऱ्याची रिक्षा चालवत राहिला.

मी चोर पान्याच्या त्या तोंडावर कानस फिरवली. चावली. मग पाना उलटा करून दुसरं तोंड घासलं आणि कानस घसरली. पुन्हा घासलं, पुन्हा घसरली. अण्णा, बनावट पाना असता तर दोन्हीकडून मऊ असता. एकच तोंड मऊ कसं होईल? ते कुणीतरी तापवलं तरच.

आणि कुणी तापवलं ते मी पाहिलं होतं. त्या दिवसाच्या थोडं आधी मेस्त्री गावाला जत्रेला गेले होते. इंजिनाच्या मागचा एक नट सरळ पान्याला लागत नव्हता. तुम्ही गॅस पेटवलात, पान्याचं एक टोक लाल केलंत, वाकवलंत. नट सुटला तेव्हा तुम्ही हसलात, आणि मला फार बरं वाटलं, कारण तुम्ही सहसा हसायचा नाहीत. मग तो पुन्हा लाल करून सरळ केलात, विटेवर गार होऊ दिलात आणि जळकं तेल चोळून काळा केलात. ‘‘मेस्त्रीला सांगू नको. पाना तापवलास तर हात तोडीन, असं मीच त्याला रोज सांगतो.’’ तापवल्याने पोलादाचा कडकपणा जातो, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं. त्या दिवशी सगळ्यांसमोर एकच तोंड घासून तुम्ही का थांबलात? विसरला होता, की आठवत होतं म्हणूनच थांबलात? हा संशय आता माझ्या डोक्यातून जात नाही.

काल शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला गेले. मेस्त्री तिथे लेकीकडे असतात. मी त्यांना सांगितलं की अण्णांनी जाण्याआधी मला जवळ बसवून सांगितलं होतं, ‘पाना तोच होता, मीच तापवला होता, मेस्त्रीला बोलावून आण.’ मला यायलाच उशीर झाला.

त्यांनी हातातला कॉफीचा पेला खाली ठेवला.

‘‘अण्णा असं म्हणाले?’’

‘‘हो.’’

‘‘अण्णा, आणि ‘चूक माझी’ असं म्हणाले?’’

‘‘हो, मेस्त्री.’’

‘‘सरी,’’ म्हणाले, कानडीत ‘बरं’ म्हणतात तसं. मग त्यांनी आतून लेकीला हाक मारली, जावयालाही बोलावलं, टीव्ही बंद करायला लावला. ‘‘अक्का, आता ह्यांच्या म्होरं स्वल्प परत सांग की.’’

मी परत सांगितलं. हे पत्र पाठवण्यासारखं कुठेच नाही, म्हणून इथे लिहून टाकते: शेवटच्या आजारात तुम्ही त्यांचं नाव एकदाही काढलं नाहीत, आणि दुसऱ्यांदा सांगताना मी तुमच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं.