आमच्याकडे असले काही नाही

३ फेब्रुवारी

मी – वाणिज्य पदवीधर, वय छप्पन्न, विमा कंपनीत दावे-तपासणी अधिकारी, एका मुलाचा आणि एका मुलीचा बाप – हे लिहायला घेतले ते एवढ्याचसाठी की, ज्या व्याख्येवर माझ्या मुलीचे उपचार ठरायचे आहेत, ती करणाऱ्यांना व्याख्या म्हणजे काय हेच ठाऊक नाही. घरात हे बोलण्याची सोय नाही. कागद उलट बोलत नाही.

धाकटीचा रोग अखेर सापडला. पुन्हापुन्हा न्यूमोनिया, हातांवरच्या न जाणाऱ्या चामखिळी, आणि रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ बेपत्ता. रोग रक्ताचा, प्रतिकारशक्तीचा, शिवाय वारशाने येणारा. नाव म्हणजे चार अक्षरे आणि एक आकडा – मोटारीच्या नंबरपाटीसारखे! पुढे कर्करोगावर जाऊ शकतो. म्हणून जुळणाऱ्या नातेवाइकाचा बोन मॅरो घालायचा.

लक्षणे काय, असे विचारले. डॉक्टरीणबाई – धाकटीची मोठी बहीण शोभेल असे वय – म्हणाल्या, "कुणाला चामखिळी येतात, कुणाचा पाय सुजतो, कुणाला ऐकू कमी येतं. कुणाला बरीच वर्षं काहीच होत नाही."

काहीच न होणे हेही लक्षण! अशा व्याख्येवर कुणी आमच्याकडे दावा दाखल केला असता, तर चहा निवण्याआधी मी तो फेटाळला असता.

५ फेब्रुवारी

आज दोन्ही घराण्यांचा इतिहास. मोठ्या कागदावर पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, रोगी असेल त्याला काळे फासायचे.

"आमच्याकडे असले काही नाही," मी स्वच्छ सांगितले.

"आमच्याकडेही नाही हो," सौ. त्याच दमात म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवले. "दोन्हीकडे नसतंच कधी. रोग बहुतेक वाटेत पडलेला सापडतो."

उद्धट आहे. पण मुद्दा बरोबर. मी मेहुण्याच्या सुजणाऱ्या पायाचा दाखला दिला.

"अहो, तो दिवसभर दुकानात उभा असतो!"

"उभा दोन्ही पायांवर असतो ना? सुजतो एकच."

"हो का? आणि तुमच्या आक्कांचा कान?"

"तो मास्तरांच्या थपडेने गेला. सगळ्या जगाला माहीत आहे."

बाईंनी पाय आणि कान दोन्ही लिहून घेतले. थप्पड लिहिली नाही!

८ फेब्रुवारी

थोरल्याचा मॅरो जुळला. पूर्ण जुळला! सौ.ला रडू आले, मला भूक लागली.

थोरला बहिणीच्या खाटेवर पाय पसरून बसला. "माझं चढवलं की चार दिवसांत खांद्यावर पोती उचलशील."

"आणि रात्री तुझ्यासारखी घोरेन. नको रे बाबा, मी आजारीच बरी."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या, म्हणाल्या, "आनंद जरा आवरा. त्याच्यात हाच दोष नाही ना, हे आधी पाहू. तुम्हीही सगळे रक्त द्या."

"त्याला उभ्या जन्मात साधी सर्दी झालेली नाही."

"काका, लक्षण नाही म्हणजे रोग नाही, असं या आजारात म्हणता येत नाही. नासलेलं दूध फेकायचं आणि विरजण त्याच भांड्यातलं घ्यायचं?"

मी आक्षेप नोंदवला: व्याख्येतले एकही लक्षण नसलेल्या माणसाला संशयित ठरवणे कोणत्या नियमात बसते? बाई म्हणाल्या, "नियमात नाही, रक्तात बसतं." अशा वाक्यांचे प्रशिक्षण देत असावेत.

९ फेब्रुवारी

धाकटीला पुन्हा ताप. अहवाल "येतोय". बहुधा चालत येत असावा.

१२ फेब्रुवारी

आक्काकडे गेलो. थपडेचे प्रकरण एकदाचे निकाली काढायचे, म्हणजे ते काळे मेहुण्याच्या चौकोनालाच लागेल. तिच्यासमोर बसून ओरडत होतो, शेजारचे दार उघडून बघत होते. सवयीने विचारले, थप्पड कुठल्या कानावर बसली?

"उजव्या. मास्तर डावरे होते."

"आणि ऐकू येत नाही तो?"

"हा काय, डावा." मग स्वतःच हसली. "काय रे, तोंड का असं?"

"आक्का, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही?"

"विचारतंय कोण! आई म्हणाली, लग्न जमेपर्यंत मास्तरांचं नाव सांग. जमलं. मग मास्तरही गेले. मेलेल्या माणसावरचा आरोप कशाला मागे घ्यायचा?"

"आणि बाबांच्या हातांवर चामखिळी होत्या ना?"

"होत्या की. ते गेले छातीच्या आजाराने, पण आपण थंडी बाधली म्हणतो."

दुसऱ्यांच्या दाव्यातली असली विसंगती पकडून मी अधिकारी झालो. घरचा दावा मात्र वडिलोपार्जित, म्हणून न वाचता मंजूर!

१५ फेब्रुवारी

अहवाल आले. दोष माझ्यात. सौ. निर्दोष. मेहुण्याच्या पायाचे कारण साधे, शिरांचे. त्याला फोनवर सांगणे भाग पडले. म्हणाला, "भावोजी, पाय इथंच आहे. माफी मागायला कधी येताय?"

मला चामखीळ नाही, सूज नाही, कान शाबूत. ज्या ओळीला मी हसलो ती ओळ म्हणजे मी. डॉक्टरीणबाईंनी माझा चौकोन काळा केला, बाबांचा केला, आक्काच्या रक्ताची मागणी लिहिली, आणि हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरे वाटले असते.

थोरल्याचा निकाल राहिला आहे. प्रत्येक मुलाला दोष मिळण्याची शक्यता निम्मी. मी म्हटले, मग हिशेब पुरा झाला. धाकटीच्या वाट्याला आला, म्हणजे थोरल्याच्या वाट्याला नाही.

"काका, नाण्याला आधीचा कौल आठवत नाही."

घरी येईपर्यंत सौ. फक्त धाकटीच्या औषधांविषयी बोलली. बोलायला तिच्याकडे एवढा मजकूर असताना!

१७ फेब्रुवारी

थोरल्यातही आहे. तो दाता नाही, रुग्ण आहे.

बोन मॅरो आता सौ. देणार. अर्धाच जुळतो, पण बाई म्हणतात, चालतो. थोरला आईच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "आई, सगळा हिलाच देऊ नकोस. थोडा माझ्यासाठी ठेव."

कुणीही हसले नाही. ही थट्टा नव्हे, हे त्यालाही कळले.

सही – दोघांचा बाप
स्थळ – रुग्णालय, तिसरा मजला, खिडकीजवळचे बाक
दिनांक – वरीलप्रमाणे