शॅरनच्या वाट्याच्या करंज्या

आत्या,

सायमनचं इन्सुलिन संपत आलंय, म्हणून त्याला घेऊन नगरला चाललेय. संध्याकाळच्या एसटीने येऊ. कालवण करून ठेवलंय, भाकरी तेवढ्या तुम्ही टाका.

शॅरनचा रिपोर्ट काल आला. भावाला आहे म्हणून तिचं रक्त तपासायला दिलं होतं, तो. आज तिची साखर अगदी बरोबर आहे, पण रक्तात त्याच आजाराच्या खुणा सापडल्यात. पुढेमागे तिलाही इन्सुलिन लागेल, असं डॉक्टर म्हणाले. कधी, ते त्यांनाही सांगता येत नाही. तोंडाने सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय.

मी विचारलं, गोड बंद ठेवलंय तरी कसं काय? ते म्हणाले, हा आजार गोडाने होत नाही आणि गोड बंद करून टळतही नाही. म्हणजे सायमनचं कळल्यापासून तुम्ही तिला एक करंजी दिली नाही, मीही तुम्हाला अडवलं नाही, ते सगळं फुकटच गेलं. मोकळेपणाने खायचे तिचे दिवस तेच होते, आत्या. काल दवाखान्यातल्या सिस्टरने चॉकलेट पुढे केलं, तर तुमच्या नातीने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

तुमच्यावर राग नाही. रात्री होता.

नाताळच्या करंज्यांचा डबा माळ्यावरून काढून खालच्या फळीवर ठेवलाय. शाळेतून आली की तिला तुमच्या हाताने द्या. सकाळी तुम्ही मळ्यात गेल्यावर मी एक दिली होती. तशीच परत ठेवली. म्हणाली, "आधी आजीला विचारते."

रूथ