बारावं मत

३ मार्च, सोमवार

बाजारातल्या सगळ्यात मोठ्या डिजिटल नाण्याने आपलं सांकेतिक कुलूप बदललं. झालं, आता आमच्यासारख्या चिल्लर डिजिटल नाण्याचीही झोप उडाली! आमचा सगळा प्रोग्राम दादाने त्यांच्याच जुन्या प्रोग्रामवरून बेतलेला. त्यांचं कुलूप कच्चं ठरलं, तर आमचं कुठून पक्कं असणार? उद्या कुणी दांडग्या संगणकाने ते फोडलं, की सगळ्यांचीच नाणी गेली.

गुरुजींचा सकाळीच निरोप. शाळेत भौतिकशास्त्र शिकवतात, दादाचे पहिल्या दिवसापासूनचे सोबती. सहा महिने चर्चेत असलेल्या नव्या कुलपावर पंधरा तारखेला मतदान. घरात मशीन चालू ठेवून व्यवहार तपासणारे आम्ही सतरा जण. बदलाला बारा मतं हवीत. हा नियमही दादाचाच.

५ मार्च

नवा प्रोग्राम ओळ न् ओळ तपासला. चोख आहे. एकच कलम घशात अडकलं — तीन महिन्यांत जो आपली नाणी नव्या कुलपात हलवणार नाही, त्याची कायमची गोठणार. हलवायला जुनी किल्ली लागते. दादाची किल्ली म्हणजे चोवीस शब्द, एका कागदावर हाताने लिहिलेले. किल्ली मशीनवर ठेवायची नाही, असं सगळ्यांना बजावायचा. स्वतःही पाळलं. त्याला जाऊन दोन वर्षं झाली, आणि कागद कुठे ठेवला ते कुणालाच सांगून गेला नाही! घर सोडलं तर त्याने वहिनीसाठी ठेवलेली ती नाणी तेवढीच.

९ मार्च, रविवार

वहिनीकडे. कागद शोधायला, दर रविवारसारखं — मी वरचे कप्पे, ती खालचे. आज पुस्तकं झटकली. जुनी तिकिटं निघाली, बाकी शून्य. तिला ते कलम समजावून सांगितलं. बराच वेळ एकच पुस्तक पुसत राहिली. मग म्हणाली, “माळा राहिलाय अजून. एवढ्यात नका हो बंद करू, भावजी.”



१२ मार्च

गुरुजींचा फोन. अकरा जण बाजूने, पाच विरोधात. उरलो मी! मुदत वर्षभराची करा म्हटलं. म्हणाले, सहा महिने घासाघीस करून अकरा जण कसेबसे जमलेत, आता एक शब्द हलवला तर निम्मे बिथरतील. तुझ्या वहिनीचं दुःख कळतं, पण एका घरासाठी सगळ्यांची दारं उघडी टाकायची का?

मी चिडून फोन ठेवला. त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच चिडलो.

१५ मार्च

विरोधात दिलं.

१६ मार्च, रविवार

वाटलं होतं, वहिनीला हायसं वाटेल. तिने नुसतं “का?” विचारलं. मी म्हटलं, तुझ्यासाठी. माळ्यावर चढायचं होतं, तर पाठ दुखते म्हणाली. लवकर परत आलो. एवढं करून वर हे!

२ एप्रिल

नाण्यांच्या बाजाराने आमचं नाणं यादीतून काढून टाकलं. कच्च्या कुलपाचं नाणं त्यांना नको. कालपर्यंत नऊ मशीनं बंद पडली होती, आज गुरुजींचं दहावं. भांडले नाहीत. “तुझ्या दादाने सात वर्षं खपून उभं केलं होतं रे,” एवढंच बोलले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दादाचं नाणं मी बुडवलं. दुसऱ्या कुणी नाही. आता निदान कागद सापडला, तर मिळेल त्या भावाला विकून वहिनीच्या हातात काहीतरी पडेल.

६ एप्रिल, रविवार

माळा एकट्यानेच उपसला. धुळीने माखून खाली उतरलो, तर वहिनी शिडी धरून उभी. रडत होती.

“हे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कागद सापडला होता, भावजी. ह्यांच्या निळ्या शर्टाच्या खिशात. शर्ट धुऊन झाल्यावर. लगदा झाला होता नुसता. आणि तुम्ही दर रविवारी शोधायला यायला लागलात, मग सांगवेना.”