चुकायची पाळी दीपमालाची

६ जानेवारी, सकाळी ७
ठरलं. २० तारखेला लातूरहून शिक्षणाधिकारी साहेब येऊन आठवीचा इंग्रजीचा तास बघणार. आवडला तर जिल्ह्याच्या ट्रेनरच्या यादीत माझं नाव. लागल्यात जमा आहे. देवणीला सासरेबुवांना फोन करून सांगूनही टाकलं.

माझा विषय ग्रुप वर्क. चार-चार पोरं इंग्रजीत बोलणार, एकमेकांच्या भाषेकडे लक्ष देणार, चूक आपली आपण पकडणार. याला नोटिसिंग म्हणतात. आमच्या शाळेत हे फक्त मला माहीत.

८ जानेवारी
ग्रुपजवळ जाऊन उभा राहिलो. चौघंही गप्प. आणखी जवळ गेलो. बजरंग बेंचखाली पेन शोधायला लागला. पेन हातातच होता. खिचडीचा वास येत होता, लक्ष कसं लागणार. उद्या खिचडी शिजायच्या आधी तास.

९ जानेवारी
तरी गप्प. उपाशी होते.

१० जानेवारी
बेंचवर मोबाईल ठेवून रेकॉर्डिंग केलं. घरी ऐकलं. आधी माझ्या चपलांचा आवाज, बाकी सामसूम. मग हेडसरांनी मला बोलावलं, मी गेलो, आणि पुढं अकरा मिनिटं नुसता कल्ला. दीपमाला विचारायली, 'गो' का 'वेंट'? शिवकन्या म्हणे, कालचं हाय तर वेंट. बजरंग म्हणे न्हाई. वह्या काढल्या, भांडले, शेवटी बजरंगनं मानलं.

म्हणजे माझ्या शिकवण्याचा असर होतो, जरा उशिरा होतो एवढंच. बायको शिवगंगाला ऐकवलं. ती म्हणाली, मग तुम्ही बाहेरच उभे राहा की. तिला मेथड कळत नाही.

१३ जानेवारी
सात दिवस उरले. झोप उडाली. साहेबांसमोर पोरं अशीच बसली तर देवणीत तोंड दाखवायची सोय नाही.

रिस्क नको. चूक मीच ठरवून दिली. दीपमालानं 'येस्टरडे आय गो' म्हणायचं, बजरंगनं पकडायचं, शिवकन्यानं थँक यू म्हणायचं. ही फसवणूक नाही, रिहर्सल आहे.

१७ जानेवारी
दीपमाला चुकायला तयार नाही. म्हणते, सर, मला येतंय की आता. समजावलं, बाई गं, शाळेसाठी एकदा चूक. मान डोलावली. लई गुणी पोर.

२० जानेवारी, सकाळी ६
नवा सफारी घातला. बाकी तयारी पक्की.

२० जानेवारी, दुपारी ४
साहेब ग्रुपजवळ खुर्ची टाकून बसले. दीपमाला उठली. माझ्याकडं बघितलं, आणि खणखणीत म्हणाली, "येस्टरडे आय वेंट टू रेणापूर."

बजरंगला घाम फुटला. साहेबांनी त्याला विचारलं, काय झालं बाळा?

"सर, हिनं चुकायचं होतं. चुकलीच न्हाई."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. साहेब हसले नाहीत. मला दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं. वीस मिनिटं थांबलो. खिडकीतून दिसत होतं. पोरं भांडत होती, खोडत होती, परत लिहीत होती. साहेब टिपून घेत होते.

शेरा लिहिला: 'गटकार्य उत्कृष्ट. शिक्षक वर्गाबाहेर असताना निरीक्षण केले.' यादीचं काही बोलले नाहीत.

२१ जानेवारी
सासरेबुवांचा फोन आला. 'उत्कृष्ट'पर्यंत वाचून दाखवलं.

आठवीच्या दाराशी गेलो. आत कल्ला चालू होता. पाऊल टाकलं, तो थांबला. बाहेर आलो. चपला काढून भिंतीला टेकून उभा राहिलो. हळूहळू कल्ला परत सुरू झाला.

हेडसर जाता जाता म्हणाले, काय मन्मथराव, तुम्हाला कोणी वर्गाबाहेर काढलं?

मी सांगितलं, मेथड आहे.