कॉइलमध्ये जोड नको

रविवार, १४ ऑक्टोबर

ती. बाबांना,

साष्टांग नमस्कार. परवा फोनवर तुमच्यावर खेकसले, त्यातलं खेकसणं मागे घेते. लहानपणापासून मला 'फ्यूज' म्हणत आलात, तेव्हा उडाले तर तक्रार चालणार नाही.

मी बरी आहे. आईला सांगा, वेळेवर जेवते आणि स्वेटर घालते. हॉस्पिटलच्या कार्यशाळेत काम चिक्कार आहे. या आठवड्यात एका शाळेतल्या बाईंचा कृत्रिम पाय पुरा केला, गुडघ्याखालचा. त्यांना एका जागी टोचत होतं. आमचा मुख्य म्हणाला, "जरासं घासून दे, चालतंय." मी म्हटलं, चालत नाही, प्लास्टरचं माप पुन्हा घेते. तो वैतागून म्हणाला, "एवढी हट्टी तू गेलीस तरी कुणावर?" आता काय सांगू त्याला, कपाळ?

करसल्लागार बाईंनी पाठवलेला कागद मिळाला. मूळ सही लागते म्हणून तो टपालानेच, तुमच्या पत्त्यावर पाठवायचा आहे. त्याच पाकिटात हे पत्र घालतेय. बाकी सगळं भरून झालंय, एक रकाना राहिलाय. त्यावर येते सावकाश.

आधी तुमच्या पराक्रमाबद्दल. मी इकडे नोकरीला आल्यापासून तिकडच्या माझ्या ठेवीच्या व्याजाचं विवरणपत्र तुम्ही भरताय, आणि दरवर्षी न चुकता मला 'रहिवासी' ठरवताय! बाईंनी विचारलं, काका, असं कसं केलंत? तर म्हणे, "घरात तिचं कपाट आहे. सख्ख्या पोरीला अनिवासी कसं लिहू? हात धजत नाही." अहो बाबा! तो कर खात्याचा कागद, लग्नपत्रिकेत घरच्यांची नावं छापायची नव्हती! रहिवासी म्हटलं की परदेशातला पगारही दाखवावा लागतो. खात्याने विचारलं, पगार कुठाय? आली नोटीस. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी आधी पोट धरून हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

पुढचंही सगळं कळलंय मला. नोटीस एकाच वर्षाची होती. बाई म्हणाल्या, तेवढ्याचं उत्तर देऊ, बाकीची वर्षं कशाला उकरून काढता? आणि तुम्ही म्हणालात, "कॉइलमध्ये जोड नको."

बाईंना बिचाऱ्यांना काय कळणार! मला मात्र आपलं मोटर वाइंडिंगचं दुकानच दिसलं. तार गुंडाळता गुंडाळता मध्येच तुटली, तर बाजूचे दुकानवाले पीळ देऊन जोडायचे आणि वरून वॉर्निश मारायचे. आतलं कोणाला दिसतंय? तुम्ही सगळी कॉइल उलगडायचात आणि नवी तार घेऊन पहिल्यापासून बसायचात. मी भुकेने कावलेली दारात उभी. एकदा तर पिठाच्या गिरणीवाल्याने दुकान डोक्यावर घेतलं होतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आज हवं तेवढं ओरडा. पण सहा महिन्यांनी जळली, तर मला तुम्हाला तोंड दाखवता यायचं नाही."

आणि आता या वयात, दुखरे गुडघे घेऊन, लिफ्ट बंद असताना कर खात्याच्या कचेरीचे जिने चढलात. साहेबाला म्हणालात, "चूक माझ्या हातची आहे. पोरीला यातलं काही ठाऊक नाही. तुम्ही एका वर्षाचं विचारलंत, पण चुकलंय सगळ्याच वर्षांचं. सगळं उलगडून नीट करू." बाई सांगत होत्या, साहेबाने चष्मा काढला आणि स्वतः उठून तुम्हाला खुर्ची दिली. न विचारलेली चूक सांगायला आलेला माणूस त्याने पाहिला नव्हता म्हणे. बाबा, माझा ऊर भरून आला. इथे कार्यशाळेत ज्याला त्याला सांगत सुटलेय, हे माझे वडील!

मग तरीही फोनवर का तडकले? "हे नसते उपद्व्याप कोणी सांगितले होते?" असं का म्हणाले? तुम्हाला वाटलं असेल, गुडघ्यांच्या काळजीने. आईलाही तसंच वाटलं. नाही हो. सगळी वर्षं उलगडायची म्हणून त्या कागदावर एक रकाना आला: 'आपले कायमचे घर कोठे? परतण्याचा विचार आहे काय?' आणि तो कागद बाईंकडे जाण्याआधी तुमच्या हातात पडणार.

दर फोनला मी म्हणते, पुढच्या वर्षी नक्की येते. हाच माझा जोड, बाबा. वरून वॉर्निश मारलेला.

उन्हाळ्यात मला इथे कायम केलं. विचार करायला वेळ दिला होता, मी उभ्या उभ्या हो म्हटलं. तुमच्यापासून लांब राहायचं म्हणून नव्हे. काठ्या घेऊन आलेलं माणूस माझ्या हातच्या पायावर चालत दाराबाहेर जातं ना, तेव्हा मला दुसरं काही नको वाटतं. तुम्हाला मोटर पहिल्यांदा फिरली की वाटायचं, तसंच. हे तुम्हाला नाही कळणार तर कोणाला? पण त्याच आठवड्यात तुम्ही विचारलंत, "येणार आहेस तर तुझं कपाट रंगवून घेऊ का?" आणि मी म्हटलं, घ्या. तुम्ही खाली वाकून खालचे कप्पेसुद्धा रंगवलेत, आई म्हणाली. मला माझीच लाज वाटली.

रकाना आता भरलाय. घर कोठे, तिथे इथला पत्ता. परतण्याचा विचार, नाही. चष्मा लावून वाचा आणि मगच बाईंकडे द्या. राग येईल. आज हवं तेवढं ओरडा, बाबा. फोन मी उचलणार आहे.

ते कपाट आईला द्या, तिची लोकर कुठे मावत नाही. एक कप्पा तेवढा मला ठेवा. सुट्टीत येणारीला एक पुरतो.

तुमचीच,
आणि इथली रहिवासी,
फ्यूज