तुझा अंगठाच बारीक आहे

सर, तुम्ही गेल्यापासून विभागात कुणी तुमच्याविषयी वाकडा शब्द काढत नाही. आज मी काढणार आहे.

शिकवलंत तुम्हीच. पहिल्याच आठवड्यात कमरेचं हाड टेबलावर ठेवून म्हणालात, "मागच्या खाचेत अंगठा घाला. ऐसपैस हलला तर बाई, अडकला तर पुरुष." मी अजून मुलांना हेच शिकवते, फक्त तुमचं नाव घेत नाही.

मग सायखेड्याच्या बाजूने, नदीकाठच्या गाळातून ती हाडं आली. पोलीस एका बेपत्ता पुरुषाला शोधत होते, त्यामुळे पोतं उघडण्याआधीच तुमचं ठरलं होतं. कमरेचं एकच हाड, तेही पुढून तुटलेलं. कवटी मात्र जड, भुवयांचा उंचवटा ठळक. तुम्ही कवटी फिरवून बघता आणि म्हणता, "लिही, पुरुष." माझा अंगठा खाचेत सहज फिरतोय. मी तसं सांगते. तुम्ही चष्म्यावरून बघता. "अगं, तुझा अंगठाच बारीक आहे." सगळे हसतात, चहा घेऊन आलेला शिपाईसुद्धा. स्वतःचा अंगठा तुम्ही घालून पाहिला नाहीत, सर. एवढंसं काम होतं. मी मान खाली घालून 'पुरुष' लिहिलं.

दोन दिवसांनी एक बाई आली. तिची मुलगी विंचूरच्या सासरहून नाहीशी झाली होती आणि सासरचे म्हणत होते, कुणाचा तरी हात धरून पळाली. तुम्ही चालता चालता "ती पुरुषाची हाडं आहेत" म्हणून निघून गेलात. बाई माझ्याकडे वळली.

"ताई, तुमी पन बघितलं ना? माझी पोर नाय ना त्यात?"

"नाही," मी म्हणाले.

"म्हंजी जित्ती हाय," म्हणत तिने माझे दोन्ही हात धरले. ते हात मला सोडवून घेता येईनात.

यंदा पोलिसांनी जुनी प्रकरणं पुन्हा उघडली. खोकं माझ्याच टेबलावर आलं. अंगठा आजही तसाच फिरला. मी नमुना डीएनए तपासणीला पाठवला, आणि तो त्या बाईच्या रक्ताशी जुळला. तुम्ही मात्र त्याआधीच निवांत सुटलात. तुमचा फार राग येतो मला.

काल ती बाई हाडं न्यायला आली होती. आता काठी टेकत चालते. इतकी वर्षं तिने मुलीचं दहावं केलं नव्हतं, जित्या माणसाचं कसं करायचं म्हणून. खोक्यावर हात ठेवून म्हणाली, "पळाली तर पळाली, पन आईला एक फोन नाय? म्हनून लय शिव्या दिल्या मी हिला, ताई. रोज दिल्या."

तिने मला ओळखलं नाही. मी सही कुठे करायची ते दाखवलं, पाणी दिलं, फाटकापर्यंत सोडायला गेले. सगळं तुमच्यावर ढकलून हे पत्र संपवणार होते, सर. पण त्या दिवशी तिने मला विचारलं होतं, तुम्हाला नाही. ते 'नाही' माझं होतं, आणि कालही मी तिला ते सांगितलं नाही.