बेडकावर मीठ

मंगळवार, १६ डिसेंबर

अजून राग येऊन राह्यला. सकाळी न्हाणीत, पाण्याच्या टाकीमागं, थंडीनं गारठलेला एवढासा बेडूक दिसला. त्याले उचलाले मी सुपली आणाले गेली, तेवढ्यात सासूबाईनं त्याच्यावर मूठभर मीठ फेकलं. जित्या जिवावर मीठ!

“काहून टाकलं?” मी ओरडलीच.

“मंग काय पूजा करू? बेडकामागं साप येते घरात.”

तांब्यातांब्यानं पाणी ओतून त्याले धुतलं. पाठीवरचं मीठ निघता निघेना.

पूजा करू म्हणे! केलीच तर होती. यंदा पाऊस दडला तेव्हा याच बाईनं बेडूक मुसळाले बांधला, कुंकू लावलं अन् ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत घरोघरी फिरली. पाणी पाह्यजे तेव्हा देव, अन् हिवाळ्यात कचरा? हे मी तोंडावर बोलली. लग्नाले अकरा वर्षं झाली, पहिल्यांदाच.

बेडूक परसातल्या ओल्या पाल्याखाली ठेवला. संध्याकाळी पाला सारून पाह्यलं, तर गळा हलत होता. मागून सासूबाई आली.

“जगला का व?”

“वाकून पाहा तुमीच,” म्हटलं, अन् आत निघून आली.